आधी हवा मोजा, मग रेडिएटर घ्या

प्रश्न : माझ्याकडे १९९४ची एमएम ५४० जीप आहे. मूळचं २.१ लिटरचं प्यूजो इंजिन थकलं, म्हणून अपघातात गेलेल्या स्कॉर्पिओचं २.६ लिटरचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन तिच्यात बसवलं. रेडिएटर जुनाच, तांब्याचा, चार रोचा, म्हणजे एकामागे एक नळ्यांच्या चार रांगांचा आहे. जाळी २१ इंच रुंद, १८ इंच उंच. इंजिनाचा पंखा रेडिएटरला घासत होता, तो काढून १२ इंची इलेक्ट्रिक पंखा मागून लावलाय. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतली तापलेली हवा गार करणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे आहे. हायवेला ताशी ९० किलोमीटरनं तापमानाचा काटा मध्यावर ठाम असतो. पण एप्रिलमध्ये वैभववाडीहून करूळ घाट चढताना निम्म्यात काटा लालला टेकला. रोज सकाळी स्टार्ट केल्यावरही पाचएक मिनिटांत काटा झपकन वर जातो आणि परत खाली येतो. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन दुप्पट ताकदीचं आहे तर रेडिएटरही तसाच हवा, ट्रॅक्टरचा सहा रोचा कोर, म्हणजे नळ्यांची जाळी, कापून बसवू. सोळा हजार सांगितलेत. करू का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : सोळा हजार खिशात ठेवा. तुमचा रेडिएटर पुरेसा आहे, आणि हे तुमच्याच पत्रात लिहिलंय.

घाटाचा हिशोब करू. माणसं-सामानासह जीप २,००० किलो धरा. ताशी २५ किलोमीटरनं, बारा मीटरला एक मीटर असा चढ ती चढतेय. एवढं वजन त्या वेगानं वर उचलायला साधारण १५ हॉर्सपॉवर लागते. टायर आणि गिअरमध्ये जाणारी ताकद धरून २० म्हणा. तुमचं इंजिन ११५च्या आसपास ताकदीचं आहे, जुनं ६२चं होतं. पण जीप तीच, घाट तोच, वेगही तोच असेल, तर दोन्ही इंजिनांकडून २०च हॉर्सपॉवर घेतली जाते. उलट प्यूजोच्या त्या जुन्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कप्प्यात पेटायचं आणि तिथून सिलिंडरमध्ये यायचं. त्या वाटेत बरीच उष्णता पाण्यात जायची. सीआरडीईत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे तेवढ्याच कामाला ते पाण्याला कमी उष्णता देतं. इंजिन मोठं म्हणून घाटात गाडी तापली, हे गणितात बसत नाही.

हायवेचं बघा. ताशी ९०ला जीपसारखी चौकोनी गाडी वारा कापताना घाटातल्यापेक्षा जास्त ताकद खाते. तिथे काटा हलत नाही, म्हणजे जास्त उष्णता हा रेडिएटर आरामात बाहेर टाकतोय. घाटात उष्णता कमी आणि तरी तापते, तेव्हा कमी पडली ती हवा. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ३४ वर्षं रेडिएटरचंच काम करतोय. गरम होणाऱ्या गाडीवाल्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो : पळताना तापते की चढताना? पळताना तापत असेल तर कोर, नळ्या, पंप, होज बघायचे. हळू चालताना तापत असेल तर पंखा आणि हवेची वाट.

करूळसारख्या घाटात आणखी एक गोष्ट होते, ती कोकणातून वर येणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावी. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरचा वारा घाटानं वर चढतो. तुम्हीही वर चढत असता, म्हणजे वारा पाठीमागून. गाडी २५नं चाललीय आणि मागचा वारा १५-२०चा असेल, तर समोरच्या जाळीवर येणारी हवा उरते ताशी ५ ते १० किलोमीटरची. सगळा भार पंख्यावर. त्याच दिवशी, तेवढ्याच वजनाची जीप वरून गगनबावड्याहून उतरून परत फिरवली आणि संध्याकाळी वारा पडल्यावर चढवली, तर काटा कदाचित लालला जाणारही नाही.

आता तुमचा पंखा. २१ बाय १८ म्हणजे ३७८ चौरस इंच जाळी. १२ इंची पंख्याचं वर्तुळ ११३ चौरस इंचांचं. पंख्याभोवती पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण नसेल, ज्याला आपण श्राउड म्हणतो, तर पंखा त्याच्या समोरच्याच गोलातून हवा ओढतो. म्हणजे घाटात तुमचा तीस टक्के रेडिएटर काम करतोय, बाकीचं सत्तर टक्के तांबं नुसतं गरम होऊन उभं आहे. त्यात पुढे इंटरकूलर. त्याच्यातून आलेली हवा आधीच तापलेली. रेडिएटर चालतो तो पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंश आणि हवा ४० असेल तर फरक ५५. इंटरकूलरनं हवा १५ अंश तापवली की फरक ४०. चौथा हिस्सा गेला, एक पैशाचं तांबं न बदलता.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वर्तमानपत्राचं एक पान घ्या. गाडी जागेवर चालू ठेवा, पंखा लागू द्या आणि पान रेडिएटरच्या पुढे जाळीला लावा. इंटरकूलर मधे येत असेल तर पान एका बाजूनं आत सरकवा. पान सगळीकडून चिकटून बसलं पाहिजे, चारी कोपऱ्यांसकट. गेल्या महिन्यात अशीच एक जीप माझ्याकडे आली होती. पान मधोमध ताटाएवढ्या गोलात घट्ट बसलं आणि चारी कोपरे सुपासारखे पुढे लोंबत राहिले. मालक बराच वेळ ते बघत उभा होता. मी पेन्सिलीनं त्या चिकटलेल्या गोलाभोवती रेघ ओढली आणि पान त्याच्या हातात दिलं : एवढाच रेडिएटर तुम्ही वापरताय. पान जर उलट पुढे उडालं, तर पंख्याच्या वायरी उलट जोडल्यात आणि पंखा हवा समोर फेकतोय. हेही मी अनेकदा बघितलंय, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

किती हवा लागते? २० हॉर्सपॉवर काढताना पाण्यात साधारण १५ किलोवॅट उष्णता येते असं धरू. हवा जाळीतून जाताना ३० अंशांनी तापली, तर दर सेकंदाला साडेचारशे लिटर हवा हवी. दोनशे लिटरची सव्वादोन पिंपं भरतील एवढी, दर सेकंदाला. श्राउड नसलेला १२ इंची पंखा हे ओझं उचलू शकत नाही.

तेव्हा काम असं करा.

१६ इंची, ओढणारा पंखा घ्या, रेडिएटरच्या मागे बसणारा. इंजिनाची पुली आणि जाळी यांत किती जागा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंखा आणि श्राउड मिळून चार इंच लागतील. तेवढी जागा नसेल तर १० इंची दोन पातळ पंखे शेजारी-शेजारी बसवा. श्राउड २० गेजच्या जस्ती पत्र्याचा करून घ्या, पूर्ण जाळी झाकणारा, जाळीपासून पंख्यापर्यंत दोन ते अडीच इंच खोल. पंखा जाळीला टेकवून बसवला तर श्राउडचा अर्धा फायदा जातो, कारण कोपऱ्यातल्या हवेला पंख्यापर्यंत यायला वाटच उरत नाही. श्राउडच्या कडेला रबराची बीडिंग लावा. आणि पत्र्याच्या कोऱ्या जागेत हाताच्या पंजाएवढी तीन-चार भोकं पाडून त्यावर मागच्या बाजूनं रबराचे पडदे लावा, वरच्या कडेनं रिव्हेट मारून. घाटात पंखा ओढतो तेव्हा हे पडदे चिकटून बंद राहतात. हायवेला समोरून वारा जोरात येतो तेव्हा ते उघडतात आणि जास्तीची हवा निघून जाते. कंपनीच्या कितीतरी गाड्यांत हे असतं, आपली माणसं मात्र ते फाटलेलं रबर समजून काढून टाकतात.

एवढा पंखा २० अँपिअरच्या आसपास घेतो. डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट वायर ओढू नका, वितळेल. ४० अँपिअरचा रिले (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू करणारा स्विच), बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर. स्विच फक्त रिले चालवेल. ९२ अंशांना चालू होणारा सेन्सर लावा, पण पंखा हातानं बंद करायची सोयही ठेवा. ओढा-नदी ओलांडताना चालू पंख्याच्या पात्यांना पाणी लागलं की पाती पुढे वाकतात आणि जाळीत शिरतात. जीपवाल्यांचे असे चिरलेले कोर दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात.

आता एक गोष्ट आजच करा. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत पंखा प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून बांधलेला दिसतोय. तो सोडवा. पट्टी फिनमधून, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतून जाते, नळीला टेकते, आणि जीपच्या हादऱ्यांनी वर्ष-सहा महिन्यांत नळीला भोक पाडते. पंख्याचं वजन श्राउडवर, श्राउड रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांवर. जाळीवर काहीही टांगायचं नाही.

इंटरकूलर मात्र हलवा. स्कॉर्पिओत तो इंजिनाच्या वर होता, बॉनेटवरचा तो उंचवटा त्याच्यासाठीच. जीपच्या बॉनेटखाली उंची मिळत नसेल तर निदान तो आडवा, खालच्या तिसऱ्या हिश्शात घ्या आणि रेडिएटरचा वरचा भाग मोकळा सोडा. ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामधल्या बाजूच्या फटी पत्र्यानं किंवा फोमनं बंद करा. हवा आळशी असते, जाळीतून घुसण्यापेक्षा शेजारच्या फटीतून पळते. शिवाय फट उघडी असली की इंजिनाकडची तापलेली हवा फिरून पुन्हा पुढे येते आणि तीच परत रेडिएटरमधून जाते.

सकाळी काटा झपकन वर जाऊन खाली येतो, ते पाण्यात अडकलेल्या हवेचं लक्षण असण्याची शक्यता जास्त. स्कॉर्पिओचं इंजिन जीपच्या जुन्या रेडिएटरपेक्षा उंच बसतं का ते बघा. वरच्या टाकीचं झाकण इंजिनाच्या पाण्याच्या वरच्या तोंडापेक्षा खाली असेल, तर कितीही वेळा पाणी भरा, हेडमध्ये हवेचा गोळा राहणारच. तो सेन्सरवर आला की काटा उडतो, आणि हेडला जिथे पाणी लागत नाही तिथे तडा जातो. उपाय : बाजूच्या मडगार्डवर, सगळ्यात उंच जागी, दाबाची एक्स्पान्शन बाटली बसवा. झाकण त्या बाटलीवर, रेडिएटरचं तोंड बंद. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घरातून आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीतून एकेक बारीक नळी बाटलीत, आणि बाटलीच्या बुडातून जाड नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला. हवा आपोआप वर निघून जाईल. हे केल्यावरही सकाळचं लक्षण राहिलं, तर हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय का ते तपासून घ्या.

झाकणाबद्दल सावध राहा. दर १ पीएसआय दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशापेक्षा थोडा जास्त वाढतो. ०.९ बारच्या झाकणावर साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून लोक आनंदानं जास्त दाबाचं झाकण लावतात. पण जुनी पितळी टाकी कमी दाबासाठी जोडलेली असते. तिच्या शिवणीचं सोल्डर उकलतं, आणि तेही नेमकं घाटात. आधी रेडिएटर काढा, तोंडं बंद करा, हौदात बुडवा आणि १ किलो दाबानं हवा भरून दहा मिनिटं बघा. एकही बुडबुडा आला नाही तरच ०.९चं झाकण. आमच्याकडे टाकी परत जोडताना शिवणीवर आतून-बाहेरून सोल्डर चढवतात, तेवढं करून घ्या.

आता सहा रोच्या कोरबद्दल, कारण हा सल्ला घरोघरी दिला जातो. मी धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या जीपला सहा रोचा कोर बसवून दिला होता. पंधरा दिवसांत गाडी परत आली, आधीपेक्षा जास्त तापत होती. पैसे परत केले आणि कारण समजायला मला बराच काळ लागला. पहिल्या रोला गार हवा मिळते, दुसऱ्याला कोमट, चौथ्यापर्यंत पोचते तोवर ती तापलेली असते. पाचवी-सहावी रो फारसं काही करत नाही, पण हवेची वाट मात्र जाड करते. कमकुवत पंख्यापुढे कोर जाड केला की आहे ती हवाही कमी होते. जागा असेल तर जाळी रुंद करा, उंच करा. जाडी सगळ्यात शेवटी.

उद्या कधी तुम्हाला पूर्ण नवा रेडिएटर करायचाच झाला, तर अ‍ॅल्युमिनियमचा, इंचभर रुंदीच्या नळ्यांचा दोन रोचा कोर घ्या असं लोक सांगतील, आणि ते चुकीचं नाही. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, पण अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद, चपट्या नळीला फिन जास्त लांबीवर चिकटलेल्या असतात, वजनही कमी. तरी जंगलात-डोंगरात फिरणाऱ्या जीपला मी तांब्या-पितळेचाच देतो. राधानगरीच्या पुढे कुठे गळती लागली तर तिथला माणूस सोल्डरनं बंद करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं, आणि प्लास्टिकची टाकी फुटली तर टोचनच. रेडिएटर चेसिसवर खाली दोन रबरी बुशांवर ठेवा आणि वर एका तिरप्या सळईनं फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला धरा. चार कोपरे बोल्टनं आवळले की जीपची चेसिस पिळली जाते तेव्हा रेडिएटरही पिळला जातो.

थर्मोस्टॅट काढलाय का ते लिहिलेलं नाही. काढला असेल तर परत बसवा. “पाणी फार जोरात फिरलं तर गार व्हायला वेळ मिळत नाही” हे कारण खोटं आहे, जोरात फिरलेलं पाणी जास्तच उष्णता टाकतं. खरं कारण वेगळं. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बऱ्याच इंजिनांत तो बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की ती वाट कायम उघडी आणि निम्मं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. शिवाय सकाळी इंजिन तापायला उशीर होतो, आणि सीआरडीईचा कॉम्प्युटर इंजिन गार समजून डिझेल जास्त देत राहतो.

खालचा होज दाबून बघा. मऊ असेल तर बदला, आत स्प्रिंग असलेला घ्या. पंप त्या बाजूनं ओढतो, मऊ होज वेगात चपटा होतो. आणि इंजिन बदलाची नोंद आरटीओकडे झालीय का, तेही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे, आणि विम्याच्या वेळी तोच कागद मागतात.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेची, गाडी बनवतोय. इंजिन केटीएम ३९०चं. रेडिएटर ड्रायव्हरच्या बाजूला साइडपॉडमध्ये (गाडीच्या कडेच्या पोकळ खोक्यात) ठेवायचाय. मोटरसायकलचाच रेडिएटर चालेल की दोन्ही बाजूंना दोन लावू? कुलंट कुठलं?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कुलंटचं आधी सांगतो, कारण त्यावर गाडी तपासणीतच अडते : स्पर्धेच्या नियमांनुसार फक्त साधं पाणी. ट्रॅकवर सांडलेलं कुलंटमधलं ग्लायकॉल निसरडं असतं, मागच्या गाडीचा जीव जाऊ शकतो. डिस्टिल्ड पाणी घाला, आणि स्पर्धा संपली की काढून कुलंट भरा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वर्षभर साध्या पाण्यावर ठेवू नका.

चाकणला बनलेलं तुमचं इंजिन ३७३ सीसीचं असेल, तर पूर्ण जोरात ते ४३ हॉर्सपॉवर देतं. तुमच्याकडे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारी नळी), म्हणजे ताकद त्याहून कमी. एक रेडिएटर पुरे. दोन लावले की दुप्पट नळ्या, दुप्पट क्लॅम्प, दुप्पट गळतीच्या जागा, आणि वजनही. मूळचा रेडिएटर मोटरसायकलवर पुढच्या चाकामागे मोकळ्या हवेत असतो. साइडपॉडमध्ये त्याला डक्ट लागेल. डक्टचं तोंड जाळीपेक्षा लहान चालतं, पण ते हळूहळू रुंद होत जाळीला येऊन चिकटलं पाहिजे, कडांना फोम लावून. आणि बाहेर पडायची वाट आत यायच्या तोंडापेक्षा मोठी ठेवा. तुम्ही पाठवलेल्या रेखाचित्रात साइडपॉड मागून बंद आहे. तो उघडा.

तुमची खरी परीक्षा एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत आहे : २२ किलोमीटर, आणि मधे ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद. पंप थांबतो, पण सिलिंडरची भिंत तापलेलीच असते आणि पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. ड्रायव्हर बसतो, गाडी सुरूच होत नाही. नियमात बसत असेल तर त्या तीन मिनिटांत रेडिएटरचा पंखा चालू ठेवायची सोय करा, आणि थांबण्याआधीचा अर्धा लॅप इंजिनाला कमी फिरवत आत आणा. सरावात हे तीन मिनिटांचं थांबणं घड्याळ लावून, भर दुपारी, पुन्हा पुन्हा करा. पाण्याच्या तापमानाची नोंद थांबताना, मिनिटामिनिटाला आणि परत सुरू करताना घ्या. तो कागद मला पाठवलात तर पुढच्या अंकात त्यावर लिहीन.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी नव्यानं उभी करतोय. अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा बसवावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बसवू नका. १०८९ सीसीच्या इंजिनाला कंपनीचा रेडिएटर पुरतो, अट एवढीच की तो आतून साफ हवा. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसून अर्ध्या नळ्या बंद असतील. दोन्ही टाक्या उकलून, नळ्यांतून पट्टी फिरवून साफ करून घ्या. त्याला रॉडिंग म्हणतात. नळ्या कुजल्या असतील तर त्याच टाक्यांना नवा कोर. गाडी अजून डायनॅमोवर असेल तर इलेक्ट्रिक पंख्याचा भार त्याला झेपणार नाही. टाक्या मात्र जपा, भंगारात देऊ नका. तशा पितळी टाक्या आता कुणी ओढून देत नाही.